पेट्रोल उतरले, तरी डिझेल का चढते? कारणे, तुमचा खर्च आणि तुमचे हक्क

‘पेट्रोल स्वस्त झाले’ ही बातमी तुम्ही ऐकता. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाला सांगतो, “डिझेल वाढले, नांगरटीचे जास्त पडतील.” कोण खरे बोलतो? अनेकदा दोघेही खरे असतात. पेट्रोल आणि डिझेल एकाच पंपावर मिळतात, पण त्यांचे दर एकत्र चालतातच असे नाही.

दर असे वेगळे का चालतात, त्याचा तुमच्या घरखर्चावर काय परिणाम होतो आणि ‘डिझेल वाढले’ असे सांगून कोणते पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत, हे या लेखात दिले आहे.

थोडक्यात

- पेट्रोल आणि डिझेल एकाच कच्च्या तेलातून निघतात, पण त्यांचे ग्राहक, हंगाम आणि कर वेगवेगळे आहेत.
- डिझेलवरील देशव्यापी किंमत नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये संपले.
- शेती, एसटी, मालवाहतूक आणि मासेमारी डिझेलवर चालते. म्हणून तुमच्या खर्चाचा अंदाज पेट्रोलच्या बातमीवरून बांधू नका.
- मोफत रेशन, गॅस सिलिंडरची घरपोच सेवा आणि गरोदर मातेची सरकारी रुग्णवाहिका यांसाठी कोणीही ‘डिझेलचे पैसे’ मागू शकत नाही.

असे खरोखर घडते का?

होय. २९ फेब्रुवारी २०१६ च्या मध्यरात्री देशात पेट्रोल लिटरमागे ३ रुपये २ पैशांनी उतरले. त्याच क्षणी डिझेल १ रुपया ४७ पैशांनी चढले. त्या वेळी तेल कंपन्या दर पंधरवड्याला दर बदलत असत. दोन्ही इंधनांच्या जागतिक दरांप्रमाणे एकात कपात आणि दुसऱ्यात वाढ करावी लागली, असे कारण देण्यात आले.

दुसरे उदाहरण दिल्लीचे आहे. २४ जून २०२० रोजी तेथे पेट्रोलचा दर बदलला नाही, पण डिझेल ४८ पैशांनी वाढले. त्या दिवशी दिल्लीत डिझेल ७९ रुपये ८८ पैसे आणि पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे झाले. राजधानीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग होण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच दिवशी मुंबईत मात्र डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्तच होते. हा फरक कशामुळे पडला, ते पुढे करांच्या भागात पाहू.

तेल एकच, मग दर वेगळे का?

सोयाबीनचे उदाहरण घ्या. एकाच सोयाबीनमधून तेल निघते आणि पेंडही निघते. तेल स्वयंपाकघरात जाते, पेंड कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. खाद्यतेलाची आयात वाढली तर तेल उतरते, पण त्याच आठवड्यात पेंडीला मागणी असेल तर पेंड चढते. सोयाबीन एकच असले तरी गिऱ्हाईक दोन आहेत.

कच्च्या तेलाचेही तसेच आहे. तेल शुद्धीकरण कारखान्यात ते तापवून उंच मनोऱ्यात सोडले जाते. सर्वांत हलका भाग, म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, वर मिळतो. त्याखाली पेट्रोल, मग रॉकेल आणि विमानाचे इंधन, त्याखाली डिझेल आणि तळाशी भट्टीचे तेल व डांबर. कारखान्याला यांचे प्रमाण थोडेफार बदलता येते, पण बाजारात डिझेल कमी पडले म्हणून सगळ्या पेट्रोलचे डिझेल करता येत नाही. डिझेल जास्त हवे म्हणून जास्त कच्चे तेल गाळले, तर त्याबरोबर पेट्रोलही जास्त निघते. मग पेट्रोलचा पुरवठा वाढून त्याचा दर उतरू शकतो आणि डिझेलची टंचाई असेपर्यंत डिझेल महागच राहते.

म्हणून कारणांचे दोन गट लक्षात ठेवा:

- दोघांना सारखी लागू होणारी कारणे: कच्च्या तेलाचा दर आणि रुपया-डॉलरचा भाव. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते, त्यामुळे ही कारणे मोठी आहेत. ती दोन्ही दर सहसा एकाच दिशेने नेतात.
- दोघांना वेगळी लागू होणारी कारणे: प्रत्येक इंधनाची मागणी, हंगाम, जगातील टंचाई आणि सरकारी कर. दर उलट दिशेला जातात ते यांमुळे.

डिझेलची मागणी कोठून येते?

पेट्रोल प्रामुख्याने दुचाकी आणि मोटारींमध्ये जळते. डिझेल ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, पाण्याचे इंजिन, मासेमारी नौका, जेसीबी आणि जनरेटरमध्ये जळते. भारतात पेट्रोलच्या दुपटीहून अधिक डिझेल खपते. पेट्रोल महाग झाले तर माणूस दुचाकी घरी ठेवून बसने जाऊ शकतो. पण पेरणीची वेळ थांबत नाही आणि बाजार समितीत माल पोहोचवावाच लागतो. म्हणून डिझेल महागले तरी त्याचा वापर लगेच कमी होत नाही.

हंगामही वेगळे आहेत. पावसाळ्यात आपल्याकडे पाण्याची इंजिने बंद असतात, बांधकामे थंडावतात आणि डिझेलचा खप घटतो. पाऊस उघडल्यावर खरिपाची काढणी, रब्बीची पेरणी आणि सणासुदीची मालवाहतूक एकत्र येते आणि खप पुन्हा वाढतो. जगातही साधारण याच काळात असाच बदल होतो. अमेरिकेत उन्हाळी सुट्ट्यांचा प्रवास संपला की पेट्रोलची मागणी उतरते. थंड देशांत मात्र घरे तापवण्यासाठी डिझेलसारखेच तेल लागते, त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडावर डिझेलवर ताण येतो.

२०२२ मध्ये हे ठळकपणे दिसले. फेब्रुवारीत रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले. युरोप बाहेरून जे डिझेल घेत होता, त्यात रशियाचा वाटा सर्वांत मोठा होता. तो पुरवठा धोक्यात येताच जगभर डिझेलसाठी ओढाताण सुरू झाली. त्या वर्षी अमेरिकेत पेट्रोल जूनमधील उच्चांकावरून ऑक्टोबरपर्यंत बरेच उतरले, पण डिझेल चढेच राहिले.

भारतात त्या काळात पंपावरील दर स्थिर ठेवले होते. त्यामुळे वर्षाअखेरीस तेल कंपन्यांना पेट्रोलवर नफा आणि डिझेलवर तोटा होत होता. दर रोज सकाळी ६ वाजता बदलण्याची पद्धत १६ जून २०१७ पासून देशभर आहे, तरी प्रत्यक्षात दर अनेक महिने स्थिरही राहतात. म्हणून जगात डिझेल वाढले की पंपावर त्याच दिवशी वाढेलच असे नाही, आणि जगात उतरले की लगेच उतरेल असेही नाही.

करांमुळे फरक कसा पडतो?

पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीमध्ये नाहीत. त्यांच्यावर दोन मुख्य कर आहेत:

१. केंद्राचे उत्पादन शुल्क. हे लिटरमागे ठरावीक रुपये असते आणि देशभर सारखे असते.
२. राज्याचा मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट. तो बऱ्याच राज्यांत टक्केवारीने लागतो आणि प्रत्येक राज्यात वेगळा असतो.

दोन्ही इंधनांवरील कर सारख्या प्रमाणात वाढत किंवा कमी होत नाहीत. ४ नोव्हेंबर २०२१ पासून केंद्राने पेट्रोलवरील शुल्क ५ रुपयांनी आणि डिझेलवरील १० रुपयांनी कमी केले. मे २०२२ मध्ये उलट झाले: पेट्रोलवर ८ रुपये आणि डिझेलवर ६ रुपये कपात झाली.

आता दिल्लीकडे पुन्हा पाहू. मे २०२० मध्ये दिल्ली सरकारने पेट्रोलवरील व्हॅट २७ वरून ३० टक्के केला, पण डिझेलवरील व्हॅट १६.७५ वरून थेट ३० टक्के केला. जूनमध्ये डिझेल पेट्रोलच्या पुढे गेले ते यामुळे. जुलैअखेरीस हा कर पुन्हा १६.७५ टक्क्यांवर आणला गेला आणि डिझेल एका दिवसात ८ रुपये ३६ पैशांनी उतरून ७३ रुपये ६४ पैसे झाले. कच्चे तेल तेच होते, बदलला तो फक्त कर.

महाराष्ट्रातही जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई भागात डिझेलवरील कर २४ वरून २१ टक्के आणि पेट्रोलवरील २६ वरून २५ टक्के करण्यात आला. त्यामुळे त्या भागात डिझेल सुमारे २ रुपयांनी, तर पेट्रोल सुमारे ६५ पैशांनीच उतरले.

टक्केवारीच्या कराची आणखी एक बाब लक्षात घ्या. व्हॅट २० टक्के असेल आणि मूळ दर ५ रुपयांनी वाढला, तर पंपावर ६ रुपये वाढतात.

डिझेल पूर्वी इतके स्वस्त का होते?

अनेकांना आठवत असेल की डिझेल पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त असायचे. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढे होते, तर डिझेल सुमारे ४१ रुपये होते. कारण डिझेलचा दर सरकार ठरवत होते आणि तो खर्चापेक्षा कमी ठेवला जात होता. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले. डिझेलचे दर जानेवारी २०१३ पासून महिन्याला सुमारे ५० पैशांनी वाढवत नेले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले. ‘डिझेल नेहमी स्वस्तच असणार’ हा अंदाज त्या जुन्या काळातला आहे. आज त्यावर हिशेब बांधल्यास तुमचे नुकसान होऊ शकते.

तुमच्या शेताचा हिशेब असा करा

समजा, तुमचे पाण्याचे इंजिन तासाला १ लिटर डिझेल घेते. गव्हाला ६ पाळ्या द्यायच्या आहेत आणि एकरी एका पाळीला १० तास लागतात.

- एकरी लागणारे डिझेल: ६ × १० = ६० लिटर
- डिझेल ४ रुपयांनी वाढल्यास एकरी जादा खर्च: ६० × ४ = २४० रुपये
- तीन एकरांसाठी: ७२० रुपये

ट्रॅक्टरच्या भाड्यालाही हीच रीत लावा. एकरी किती लिटर लागते, ते मालकाला विचारा. एकरी ८ लिटर लागत असेल आणि डिझेल ४ रुपयांनी वाढले असेल, तर इंधनाचा वाढीव खर्च ३२ रुपये होतो. भाडे एकदम २०० रुपयांनी वाढवले तर बाकीची वाढ कशाची, हे तुम्ही विचारू शकता. पुढे डिझेल उतरले की भाडे कमी करायलाही सांगा.

कोणते पैसे तुमच्याकडून मागता येत नाहीत?

डिझेल वाढले की वाहतूक महाग होते, हे खरे आहे. पण पुढील सेवांमध्ये तो भार लाभार्थ्यावर टाकता येत नाही.

- रेशन: राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. दुकानापर्यंतची वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशन सरकार देते. ‘गाडीभाडे वाढले’ म्हणून पैसे मागितल्यास देऊ नका. पावती घ्या आणि तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेकडे किंवा १९६७ या क्रमांकावर तक्रार करा.
- गॅस सिलिंडर: उज्ज्वला असो वा साधी जोडणी, १४.२ किलोच्या सिलिंडरच्या दरात घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो. बिलावर असेल तेवढीच रक्कम द्या.
- गरोदर माता आणि आजारी बाळ: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात जाणे, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात हलवणे आणि प्रसूतीनंतर घरी सोडणे मोफत आहे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही ही सोय आहे. चालकाने डिझेलचे पैसे मागितल्यास आशाताईंना आणि रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच सांगा.
- एसटी: महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा एसटी प्रवास मोफत आहे. भाडे वाढले तरी तो मोफतच राहतो. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ही सवलत टक्केवारीत असल्याने पूर्ण भाडे वाढले की तुमचे अर्धे भाडेही वाढते. पूर्ण भाडे १०० वरून ११५ रुपये झाले, तर तुमचे ५० वरून ५७ रुपये ५० पैशांच्या आसपास जाईल. ही फसवणूक नाही. कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेत राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही, त्यामुळे तेथे हा फरक पडत नाही.

डिझेलच्या खर्चात दिलासा कोठे मिळतो?

पंपावर डिझेल घेताना सर्वांसाठी केंद्राचे अनुदान आज नाही. मात्र काही गटांसाठी मार्ग आहेत.

*मच्छीमार:* महाराष्ट्र, गोवा, गुजरात आणि कर्नाटक या किनारी राज्यांत यांत्रिक मासेमारी नौकांच्या डिझेलवरील राज्य करात सूट किंवा परतावा मिळतो. महाराष्ट्रात ही प्रतिपूर्ती मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत होते. नौकेची नोंदणी आणि मासेमारी परवाना चालू ठेवा, डिझेलच्या पावत्या जपा. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी वाढले, पण साध्या पंपावरचा दर तेव्हा वाढला नव्हता. मच्छीमार संस्थांच्या पंपांनाही त्याची झळ बसली. म्हणून संस्थेचा पंप कोणत्या दराने डिझेल देतो, हे दर्यात जाण्यापूर्वी विचारून घ्या.

*शेतकरी:* पाऊस कमी झालेल्या वर्षी काही राज्ये सिंचनाच्या डिझेलसाठी अनुदान देतात. बिहारमध्ये २०२३ च्या खरिपात लिटरमागे ७५ रुपये दराने असे अनुदान होते. ही मदत त्या हंगामापुरती असते आणि अर्जाला मुदत असते. त्यासाठी पंपाची पक्की पावती लागते.

*सौर पंप:* डिझेलच्या खर्चातून कायमची सुटका हवी असल्यास हा मार्ग पाहा. पीएम-कुसुम योजनेच्या ‘ब’ घटकात, जेथे वीज पोहोचलेली नाही अशा ठिकाणी ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या सौर पंपाच्या ठरवलेल्या किमतीत सर्वसाधारण राज्यांत केंद्राचा ३० टक्के आणि राज्याचा किमान ३० टक्के वाटा ठेवलेला आहे. महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांसाठी ५ टक्के आहे. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. सातबारा आणि पाण्याचा शाश्वत स्रोत आवश्यक आहे. तुमच्या राज्यात सध्या अर्ज सुरू आहेत का, हे आधी राज्याच्या अंमलबजावणी कार्यालयात विचारा. महाराष्ट्रात यासाठी महावितरणकडे चौकशी करा.

फसवणुकीपासून सावध राहा

दर वाढले की ‘डिझेल अनुदान मंजूर झाले, दुवा दाबा’ असे संदेश फिरू लागतात. पीएम-कुसुमच्या नावाने बनावट संकेतस्थळांनी पैसे घेतल्याबद्दल केंद्रीय मंत्रालयाने अनेकदा इशारा दिला आहे. फोनवर ओटीपी सांगू नका आणि कोणाच्या वैयक्तिक खात्यावर ‘नोंदणी शुल्क’ भरू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोल उतरले, तर डिझेल काही दिवसांनी उतरेल का?
कच्चे तेल स्वस्त झाल्यामुळे पेट्रोल उतरले असेल, तर डिझेलही उतरण्याची शक्यता असते. फक्त पेट्रोलची मागणी घटली असेल किंवा फक्त पेट्रोलवरचा कर कमी झाला असेल, तर डिझेलवर परिणाम होईलच असे नाही.

डिझेल महाग आहे म्हणून इंजिनात रॉकेल मिसळले तर चालेल का?
नाही. रॉकेलने इंजिनाला पुरेसे वंगण मिळत नाही आणि इंजेक्टर व पंप खराब होतात. रेशनचे रॉकेल अशा कामासाठी वापरणे बेकायदाही आहे.

डिझेल वाढणार असे ऐकले तर घरी साठा करावा का?
मोठा साठा करू नका. त्यातून आगीचा धोका असतो आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठ्याला परवाना लागतो. चार-आठ दिवसांच्या कामापुरतेच डिझेल घ्या.

आजचा खरा दर कोठे पाहावा?
प्रत्येक पंपावर दरफलक असतो. तेल कंपनीच्या अधिकृत ॲपवरही दर दिसतो. दर पाहताना तुमच्या जिल्ह्याचा आणि डिझेलचाच पाहा. दिल्लीचा किंवा पेट्रोलचा दर तुमच्या हिशेबाला उपयोगी पडत नाही.

पुढच्या वेळी कोणी ‘डिझेल वाढले’ म्हणून जास्त पैसे मागितले, तर तीन गोष्टी विचारा: डिझेल लिटरमागे किती वाढले, या कामाला किती लिटर लागते, आणि ही सेवा मला योजनेत मोफत आहे का. शेतीविषयक मदतीसाठी किसान कॉल सेंटरचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-१५५१ आहे. तेथे मराठीतही बोलता येते.